नंबर आला का, बाबू?

काठमांडू
२० भाद्र, संवत २०५१

दिदी,

आधी आईला सांग, पोचलो, जेवलो आणि तिची शाल अंगावर आहे. बसमध्ये एक क्षण काढली नाही. आता तू बस आणि पुढचं वाच.

बिष्टजींनी शब्द पाळला! तेच गं, गाईजात्रेच्या दिवशी सासुरवाडीला आपल्या गावी, तानसेनला आले होते, आणि आपलं नाटुकलं बघताना हसून हसून ज्यांची टोपी गटारात पडली. दर शनिवारी संध्याकाळी अर्धा तास, टीव्हीवर, आपली जमीन कचेरी! सुब्बा, शिपाई आणि बाकावर बसलेली म्हातारी बज्यै. मी त्यांना दोन्ही सोंगं करून दाखवली, आपला हेडक्लार्क सुब्बाही आणि म्हातारीही. म्हातारी विचारते, "नंबर आला का, बाबू?" आणि सुब्बा चहा फुंकत म्हणतो, "आला होता बज्यै, तुम्ही शिंकलात तेवढ्यात गेला." खोलीत सगळे लोळले. म्हणाले, म्हातारी तुम्हीच करा, सुब्ब्यासाठी आमच्याकडे एक मोठा नट आहे.

म्हणजे आता वर्षातून एक दिवस रस्त्यावर येऊन टिंगल करायची, नि बाकीचं वर्ष मान खाली घालून नमस्कार करायचा, हे संपलं. आता दर आठवड्याला गाईजात्रा. आपल्या तानसेनच्या सुब्ब्यालाही आपलं सोंग घरबसल्या बघावं लागेल. मला तर आत्ताच त्याचं तोंड दिसतंय!

पुढचे भाग लवकर लिहून पाठव. इथे कुणाला सांगितलेलं नाही की लिहिणारी घरी मागावर ढाका कापड विणत बसते. सांगितलं तरी कोण विश्वास ठेवणार?

तुझा कान्छा
(इथे मला सगळे अष्टजी म्हणतात. हसू नकोस.)


तानसेन
८ आश्विन

अष्टजी महाराज,

हसले. आईलाही वाचून दाखवलं, तीही हसली. मग म्हणाली, "जेवतो ना नीट, ते विचार."

तीन भाग पाठवतेय. धोटा टाकता टाकता सुचले, त्यामुळे मधेमधे गुंता असेल तर सोडवून घे. आईला मात्र सुब्ब्याने काल परत पाठवलं. दशैंनंतर या म्हणे, सणाचे दिवस आहेत. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, घर अजून त्यांच्याच नावावर. मी म्हटलं, जाऊ दे ना आई, घर कुठे पळून जातंय का? तर म्हणाली, "या घराच्या विटा मी पाठीवरून आणल्यात. मरायच्या आधी कागदावर माझं नाव एकदा बघायचंय." आणि उठून तोटीच्या करुव्यात पाणी भरून ठेवलं. कचेरीत प्यायला देत नाहीत म्हणून ती आपला करुवा घेऊनच जाते, तुला माहीतच आहे.

कान्छा, एक सांगू? बाबा गेले त्या वर्षी गाईजात्रेत त्यांच्या नावाने आपली गाय निघाली तेव्हा तू पहिल्यांदा रस्त्यात सुब्बा केलास. घरात सुतक, आणि आपण लोकांना हसवत होतो. का, तर ज्याच्या घरी माणूस गेलंय त्याला त्या दिवशी कुणी अडवत नाही, म्हणून. ते हसू आपण रडून कमावलंय. म्हातारी बाकावर बसली की बघणाऱ्याने सुब्ब्याकडे बघितलं पाहिजे. एवढं सांभाळ.

दिदी, हीराशोभा


काठमांडू
२२ कार्तिक

दिदी,

येत्या शनिवारी पहिला भाग! मानबहादुर साहूंच्या घरी आईला घेऊन जा, त्यांचा टीव्ही रंगीत आहे.

तुझं लिखाण बिष्टजींना फार आवडलं. थोडं इकडचं तिकडे केलंय, रागावू नकोस. आपल्या कार्यक्रमाला पैसा देतात ते चाउचाउ नूडल्सवाले. त्यांचं म्हणणं, सरकारी माणसाला लाच खाताना दाखवलं की उद्या त्यांच्या कारखान्याच्या परवान्याचे वांधे होतील. म्हणून सुब्बा आता तोंडाचा फटकळ पण मनाचा सोन्यासारखा आहे. बिचारा काम करायला बघतो, पण म्हातारीला समजतच नाही. तिला जरा बहिरी केलीय. तो म्हणतो सही, ती म्हणते दही. हसू लगेच येतं, दिदी. रस्त्यावर थांबून लोक ऐकतात, टीव्हीसमोर कुणी थांबत नाही, असं बिष्टजी म्हणतात.

"नंबर आला का, बाबू?" हे मात्र तसंच ठेवलंय. प्रत्येक भाग त्याच्यावरच संपतो.

आईला सांगू नकोस, पण मी शाल तिचीच घेतलीय अंगावर. ओळखते का बघ!

कान्छा


तानसेन
२ मार्गशीर्ष

कान्छा,

ओळखली. ओळखणार नाही?

आई दुपारपासून तयार होऊन बसली होती. साहूंच्या घरी सगळ्यात पुढे. तू आलास आणि ती ओरडलीच, "ती माझी शाल! माझ्या हीराने विणलेली!" सगळ्यांना वळून वळून सांगत होती. मग तू बाकावर बसलास. तसाच बसलास रे, एक पाय दुमडून, करुवा मांडीत. साहूंच्या सुना आईकडे बघायला लागल्या. मग ते दही सुरू झालं. खोली नुसती फुटली. आई नाही हसली. सगळ्यांचं हसून झाल्यावर हसली. मी शेजारीच होते, मी पाहिलं.

घरी येताना चढावर तिने विचारलं, "हीरा, मला कमी ऐकू येतं का गं?"

ती बहिरी नाही, कान्छा. सहा वर्षं सुब्बा बहिरा आहे. आपण लोकांना ते दाखवत होतो ना? वाक्य तेच, शाल तीच, आणि हसू कुठल्या कुठे गेलं? तुझ्या बिष्टजींना सांग, माझे कागद परत पाठवा. नाव नव्हतंच, आता शब्दही नकोत.

दिदी


काठमांडू
१५ मार्गशीर्ष

दिदी,

तुझं पत्र तीनदा वाचलं.

पण माझंही ऐक. लोक बज्यैवर जीव टाकतात! पोतंभर पत्रं येतात. भाजीवाली माझ्याकडून पैसे घेत नाही, म्हणते बज्यैकडून कसे घेऊ? हे काय वाईट आहे का? तुझं लिखाण मोठं आहे, मी कधी नाही म्हटलं नाही. पण ते कडू आहे, दिदी. वर्षातून एक दिवस लोक कडू पितात, दर शनिवारी कोण पिणार? माणूस दिवसभर राबून घरी येतो, त्याला हसायचंय. हसवणं हे पाप आहे का?

आणि सुब्ब्याला आपण सहा वर्षं रस्त्यात सोलला. काय झालं? आईचा कागद हलला? तो आपल्यासमोर उभा राहून टाळ्या वाजवायचा, विसरलीस? जात्रा संपली की दुसऱ्या दिवशी पुन्हा "दशैंनंतर या".

तुला राग आलाय, पण आईला विचार ना. तिला आवडतं की नाही? ती काय म्हणते ते लिही.

कान्छा


तानसेन
१० पौष

चि. कान्छास आशीर्वाद.

आई म्हणते, छान करतोस. थंडी फार आहे म्हणून ती टीव्ही बघायला जात नाही. कागदाचंही होईल. गुळाच्या योमरी केल्या होत्या, तुझ्या वाटच्या ठेवून दिल्या, शेवटी मीच खाल्ल्या.

खाली खोऱ्यात धुकं भरलंय. बाकी ठीक.

दिदी


तानसेन
१८ फाल्गुन

कान्छा,

आई गेल्यावर तेरा दिवस तू या घरात होतास, माझ्यासमोर. डोकं भादरलेलं, पांढरे कपडे. वर्षभराच्या सुतकाची बरखी धरलीस, दूध सोडलंस. मी तुला काही बोलले नाही. म्हटलं, याचीही आईच गेलीय.

आणि काल शनिवारी साहूंच्या घरावरून येताना आतून हसू ऐकलं, म्हणून डोकावले. तू होतास. केसांचा टोप, गालांना पावडर, अंगावर तिची शाल. आईला जाळून महिना झाला नाही आणि बाकावर बसून दही दही करतोयस! बरखीची पांढरी वस्त्रं कुठे काढून ठेवलीस रे? खुंटीला?

आता ऐकच. तिने मला शपथ घातली होती, "कान्छाला लिहू नकोस, त्याचं पोट आहे त्याच्यावर." आता ती नाही, शपथही नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारनंतर गल्लीतली पोरं तिच्या मागे लागली. "नंबर आला का, बज्यै?" तिने आधी हसून घेतलं. पोरंच ती. मग मंदिरातल्या बायका. मग एक दिवस कचेरीत गेली, बाकावर बसली, आणि तिने तोंड उघडायच्या आत आतून शिपाई ओरडला, "नंबर आला का, बाबू?" सगळी कचेरी हसली. सुब्बाही हसला. मग प्रत्येक जण तिच्याशी ओरडून ओरडून बोलायला लागला, बहिऱ्याशी बोलतात तसं. ज्या बाकावर ती सहा वर्षं ताठ बसली, तिथून त्या दिवशी उठून आली. करुवा खाली ठेवला आणि म्हणाली, "मी आता जाणार नाही. मला बघून लोकांना हसू येतं."

त्यानंतर ती घराबाहेर पडली नाही. साधं उन्हात बसायलाही नाही. छातीत कफ झाला तर म्हणाली, इस्पितळात नको, तिथेही टीव्ही आहे.

कागदावर नाव बघायचं राहिलं. बस, एवढंच सांगायचं होतं.

हीराशोभा


काठमांडू
१ चैत्र

दिदी,

तू पाहिलंस तो भाग माघाच्या सुरुवातीला, आई असतानाच करून ठेवलेला होता. ते लोक पाच-सहा भाग एकदम करून ठेवतात आणि मग दाखवत बसतात. आई गेल्यापासून मी त्या दारात पाय ठेवलेला नाही. पांढरंच आहे अंगावर. दूध नाही, चामड्याची चप्पल नाही. आईशपथ... बघ, आता ही शपथही घालता येत नाही.

बिष्टजी दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा म्हणाले, पांढऱ्यावरच शाल घ्या ना, बज्यै विधवाच तर आहे. मी दार लावून घेतलं. आता दुसरा कुणीतरी बज्यै करतोय. शाल त्यांच्या पेटीत आहे. मागितली तर म्हणतात, लोक शालीला ओळखतात, ती कशी देणार?

दिदी, तू मला का नाही लिहिलंस? शपथ मोडली असतीस तर आई काय तुला मारणार होती? मी एका बसने आलो असतो. सगळं सोडून आलो असतो. खरंच आलो असतो का, हे मी रोज स्वतःला विचारतो.

तिला मी किती बारीक बघितलं होतं, तुला माहीत नाही. पाय कसा दुमडते, पाणी पिण्याआधी करुव्याची तोटी पदराने कशी पुसते. मला वाटायचं, इतकं बघतोय म्हणजे प्रेमच करतोय. ती हसली नाही, हे मात्र मला इथून दिसलं नाही.

शेवटी माझं नाव घेतलं का तिने? खोटं सांगितलंस तरी चालेल.

कान्छा


तानसेन
५ आषाढ

कान्छा,

घेतलं. खोटं नाही. "कान्छा शनिवारी येतो ना?" असं विचारलं. टीव्हीवर म्हणाली की घरी, ते मला कळलं नाही. मी हो म्हटलं.

तुझं पत्र मी इतके दिवस मागाच्या खाली ठेवून दिलं होतं. राग गेलेला नाही. पण विणताना एकटीच बोलत बसते, आणि बोलते ते तुझ्याशीच, मग लिहिलेलं काय वाईट?

श्रावणात गाईजात्रा आहे. यंदा आपल्या घरची गाय निघायला हवी. साहूंनी त्यांची गाय देतो म्हटलंय, बिचाऱ्यांना वाईट वाटतंय सगळ्याचं. तू ये. आईच्या नावाने गाय घेऊन चाल, आणि कचेरीच्या पायऱ्यांपाशी थांब. रंग नको, टोप नको, तू बरखीत आहेस. पांढऱ्या कपड्यात, चहाचा कप हातात घेऊन सुब्बा कर. आपला जुना, खरा. सोबत लिहून पाठवलंय. एका म्हातारीचा नंबर येतो तेव्हा ती नसते, आणि सुब्बा रिकाम्या बाकाला विचारतो, "बज्यै, कुठे गेलात? शिंकायला?"

ते हसू जिथलं होतं तिथे परत नेऊन ठेव. माझ्यासाठी एवढं कर. मी घरी दिव्याजवळ बसेन, वात तेवत ठेवायची आहे. तू आलास की जेवू.

दिदी


काठमांडू
२ भाद्र

दिदी,

जात्रेच्या दिवशी तू ताट वाढून बसली असशील. मी तसाच बसमध्ये चढलो. तुझ्यासमोर येण्याचं धाडस नव्हतं.

गाय घेऊन मी कचेरीच्या वळणावर आलो तोवर सगळं नीट होतं. लोक हात जोडत होते. मग कुणीतरी ओळखलं. "अरे, बज्यै! टीव्हीतली बज्यै!" आणि गर्दी धावली. छपरांवर माणसं, खिडक्यांत माणसं. दिदी, आपल्या नाटुकल्याला इतकी माणसं कधीच नव्हती.

पायऱ्यांपाशी थांबलो. चहाचा कप हातात घेतला, सुब्बा सुरू केला. दोन वाक्यंही ऐकून घेतली नाहीत. "सुब्बा नको! बज्यै! बज्यै!" टाळ्या वाजवून मागायला लागले. तू लिहिलेलं मी ओरडून म्हटलं, रिकाम्या बाकाचं सगळं म्हटलं, कुणाच्या कानापर्यंत गेलं नाही. सुब्बा वर व्हरांड्यात उभा होता. तोही म्हणत होता, "बज्यै करा हो, अष्टजी!"

मग मला काय झालं कोण जाणे. कप फेकला आणि कचेरीच्या बाकावर जाऊन बसलो. नाटक नाही केलं, दिदी. आईच्या जागेवर नुसता बसलो. म्हटलं, यांना एकदा सरळ सांगून टाकावं. आई म्हणायची तसंच म्हटलं, तिच्या आवाजात नाही, माझ्या आवाजात. "नंबर आला का, बाबू?"

असे हसले! पुन्हा म्हटलं. आणखी हसले. मी रडायला लागलो, तर बायका एकमेकींना धरून हसल्या, म्हणे काय हुबेहूब रडतो! मी ओरडलो, ही माझी आई होती, ती मेली, तुमच्या याच बाकावर ती सहा वर्षं बसली. टाळ्या पडल्या. हसायचं कुठे, हे मीच त्यांना शनिवारी शनिवारी शिकवलं होतं. आता ते विसरायला लावणं मला येत नाही.

सुब्ब्याने खाली येऊन माझ्या गळ्यात हार घातला. आईच्या वर्षात, पांढऱ्या कपड्यांवर झेंडूचा हार. तो काढायचंही भान नव्हतं, बसमध्ये कुणीतरी काढला.

शाल मात्र आणली होती. बिष्टजींनी जात्रेसाठी म्हणून एका दिवसाची दिली होती. ती मी साहूंकडे तुझ्यासाठी ठेवलीय. परत पाठवू नकोस. काय करायचं ते करू देत त्यांना.

कान्छा


तानसेन
११ कार्तिक

कान्छा,

त्या दिवशी मी रात्रीपर्यंत ताट झाकून ठेवलं, मग ते गाईला घातलं. तू का आला नाहीस ते साहूंकडून कळलं. तुझ्यावरचा राग मी त्याच दिवशी सोडला. लिहायला मात्र एवढा वेळ लागला, कारण मधे एक गोष्ट झाली.

दशैंच्या आधी सुब्बा स्वतः घरी आला. हातात मिठाई, बगलेत फाईल. पायरीवरूनच म्हणाला, "काय हो हे! त्या बज्यै अष्टजींच्या आई होत्या, हे कधी सांगितलं नाहीत? आम्ही काय परके? एक शब्द टाकला असता तर एका दिवसात केलं असतं!" आणि कागद पुढे केला. सही, शिक्का, सगळं. घर आईच्या नावावर झालं, कान्छा. अर्ज तिचा, म्हणून नाव तिचं. ती गेली हे त्याला माहीत होतं. पण फाईल तशीच पुढे गेली म्हणे, आता काय करणार.

मी तो कागद तिच्या फोटोपुढे ठेवला. ठेवला आणि मग इतकी रडले की शेजारची तुलसा धावत आली. सहा वर्षं आपण त्याला रस्त्यात सोलला, तेव्हा तो हलला नाही. तू त्याला हसवलंस, तर मिठाई घेऊन आला. तुझं खरं म्हणावं की माझं, मला कळेना. आईला मात्र दोन्हीचा उपयोग झाला नाही.

आता आईच्या नावावरून आपल्या नावावर करायला नवा अर्ज लागतो. सुब्बा म्हणाला, "बसू नका हो, अष्टजींची बहीण तुम्ही, मी घरी आणून देतो." मी म्हटलं, नको. रांगेतनंच होऊ दे.

म्हणून हल्ली मी जाते. आईचा करुवा घेते आणि शाल पांघरून त्या बाकावर बसते. शाल तीनदा धुतली, तुमच्या पावडरचा वास जात नाही. पहिल्या दिवशी शिपायाने तोंड उघडलं. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. त्याने तोंड मिटलं. पण मलाही विचारता येत नाही रे. ज्यांना विचारायचं ते समोर बसलेले असतात, वाक्य ओठांवर येतं, आणि मी पाणी पिते. ते वाक्य आता बोलायला उरलेलं नाही. मग न विचारताच बसते, कचेरी बंद झाली की घरी येते.

माघात वर्षश्राद्ध आहे. तुझी बरखी सुटेल, दूध प्यायचं असेल तर माझ्या हातचं पी. दोन दिवस आधी ये. कुणाला नाव सांगू नकोस, टोपी खाली ओढून ये. बाक लांब आहे, दोघांना पुरतो. माझ्या शेजारी बस. काही बोलू नकोस, काही करून दाखवू नकोस. आई बसायची तसे आपण दोघं नुसते बसू.

दिदी